आधी ओळख, मग औषध

दोंडाईचा परिसरात मका हे दाणा, वैरण व स्टार्च अशा तिन्ही कामी येणारे पीक आहे. त्याच्या पोंग्यात अळी दिसताच ‘लष्करी अळी पडली’ असे म्हणून शेतकरी फवारणीस लागतो. परंतु लष्करी अळी हे नाव आज दोन निरनिराळ्या किडींना लागले आहे, याकडे लक्ष वेधणे अगत्याचे वाटते.

जुनी लष्करी अळी आपल्याकडील होय. ती दिवसा दडून राहते व रात्री पानांच्या कडा कुरतडते. दुसरी मूळची अमेरिका खंडातील. २०१६ साली ती पश्चिम आफ्रिकेत आढळली. मालाच्या वाहतुकीबरोबर ती महासागर ओलांडून आली असावी, असा तज्ज्ञांचा कयास आहे. मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोगा भागात ती मक्यावर दिसली. शास्त्रज्ञांनी बाह्य खुणांबरोबर जनुकीय तपासणी करून तिची ओळख पक्की केली. त्याच वर्षी ती महाराष्ट्रातही पोहोचली.

प्रयोगशाळेची तपासणी बांधावर होऊ शकत नाही. पण खुणा पाहता येतात. वाढलेल्या अमेरिकन अळीच्या डोक्यावर उलट्या इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी फिकट रेघ असते. शेपटीकडील शेवटून दुसऱ्या भागावर चार काळे ठिपके चौकोनात असतात. पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी विष्ठा साचते.

‘अळी कोणतीही असो, औषध मारले म्हणजे झाले,’ असे काहीजण म्हणतात. हे मत हितावह नाही. कामगंध सापळ्यातील गोळी त्या त्या जातीच्या पतंगासाठीच असते. ओळख चुकली तर सापळा रिकामा राहतो. मोठी अळी पोंग्यात विष्ठेआड दडते, तेथे वरवरची फवारणी पोहोचत नाही. खर्च वाया जातो, आणि फवारलेली वैरण जनावरांच्या दावणीत पडण्याचे भय राहते ते निराळेच.

म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांना आमचे सांगणे असे की, अनोळखी अळी घेऊन आलेल्या शेतकऱ्यास ‘ही नेहमीचीच’ म्हणून परत पाठवू नये. ती पानासह डबीत ठेवावी, शेताची व तारखेची नोंद करावी आणि नमुना कृषी विज्ञान केंद्राकडे विनाविलंब पोहोचवावा. या अळ्या एकमेकींना खातात, म्हणून प्रत्येकीस निराळी डबी द्यावी. परमुलखातील कीड प्रथम शास्त्रज्ञाच्या नव्हे, शेतकऱ्याच्या दृष्टीस पडते. त्या दृष्टीची कदर झाली, तरच पुढची कीड वेळीच ओळखता येईल.