तंजावरला हापूस नको, नीलम लावा

तंजावरच्या राजवाड्याच्या आसपास राहणाऱ्या एखाद्या मराठी घराने अंगणात लावायला कोकणातून हापूसचे कलम मागवले, तर त्यामागची ओढ मला पूर्ण समजते. तरीही ते लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हापूसला मोहोर धरायला कोरडी, थोडी गार हवा लागते. कोकणातला पाऊस दसऱ्याच्या आसपास आवरतो, थंडी पडते आणि झाड मोहोरते. कावेरीकाठी मात्र ऑक्टोबर ते डिसेंबर हाच ईशान्य मोसमी पावसाचा काळ. झाडाने विसावायचे तेव्हा त्याच्या मुळाशी पाणी असते. मग पालवी फुटते आणि मोहोर मागे पडतो. कल्टार हे औषध घालून मोहोर आणता येतो, असे कुणी म्हणेल. कोकणातले बागायतदार ते वापरतात, हे खरेच. पण औषधाने पाऊस थांबत नाही.

मग मराठीपण उरले कशात, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. त्याचे उत्तर तंजावरच्या मुदपाकखान्यातच सापडते. एकोजीराजे 1676 च्या सुमारास इथे स्थिरावले आणि भोसल्यांचे राज्य 1855 पर्यंत चालले. पण ज्याची आमसुले होतात ते, सह्याद्रीच्या दमट सावलीत वाढणारे कोकम या उघड्या, तापणाऱ्या मैदानाचे झाड नव्हे. आमसुलाऐवजी चिंच घातली आणि सांबार जन्मले, ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. ती इतिहास म्हणून मी सांगणार नाही. पण इथल्या आमटीला आंबटपणा चिंचेनेच द्यावा, हे शहाणपण कथेविनाही पटते. आणि चिंच तरी कुठे इथली? ती मूळची आफ्रिकेची. मराठीपण टिकले ते भाषेत आणि हातच्या कृतीत: दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळातले ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ मराठीत आहे.

हापूसच्या तोडीचे दुसरे फळ नाही, हे मलाही मान्य आहे. मे महिन्यात पेटी मागवून तो जरूर खावा. पण झाड निवडताना खुद्द कोकणाने काय केले, तेही पाहावे. हापूस एक वर्ष भरभरून फळतो, पुढच्या वर्षी हात आखडतो. शिवाय त्याच्या गरात साका होतो, म्हणजे गर आतून पांढरट, भुसभुशीत पडतो. यावर उपाय म्हणून कोकण कृषी विद्यापीठाने दक्षिणेतल्या नीलमशी त्याचा संकर केला आणि 1981 मध्ये ‘रत्ना’ ही जात दिली. तिच्यात साका होत नाही. कोकणाला नीलमचा आधार घेताना कमीपणा वाटला नाही, तर तंजावरच्या मराठी घराला का वाटावा? नीलम दरवर्षी फळतो, आणि हापूसचा हंगाम संपत आल्यावर त्याचा सुरू होतो. ईशान्येचा पाऊस येण्याआधी खड्डा भरून ठेवा, आणि कलम नीलमचेच लावा.