पाचोळा आणि कचरा

पनवेलमध्ये वसाहतीतल्या एखाद्या लहानशा निसर्ग-उद्यानाच्या सुधारणेचा विषय निघाला, की पहिला शब्द कानी येतो तो ‘सुशोभीकरण’. मग पेव्हर ब्लॉक, रंगीत दिवे आणि झाडाच्या बुंध्यापर्यंत ओतलेले काँक्रीट. झुडपे ‘रान माजले’ म्हणून छाटायची, पाचोळा ‘कचरा’ म्हणून जाळायचा. आमचा आक्षेप या शब्दांपासूनच सुरू होतो. पानगळीखालचे किडे उकरून खाणाऱ्या कस्तुराचे ते ताट असते.

जवळच कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य आहे, १९६८पासूनचे. मारुती चितमपल्ली तेथे वनाधिकारी होते. बगळ्यांच्या वीण-वसाहतीला ‘सारंगागार’ हा शब्द त्यांनीच दिला. २००६च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे हे अध्यक्ष २०२५मध्ये गेले. त्यांचे लेखन आपण वर्गात रसाळपणे शिकवतो आणि घरी येऊन उद्यान ‘स्वच्छ’ करण्याच्या अर्जावर सही करतो. (आम्हीही केली आहे.)

बुंध्यांभोवतीची माती मोकळी करावी, करवंद, कुडा, उंबर लावावेत, रात्री दिवे मालवावेत आणि निदान एका कोपऱ्यात झाडू फिरवू नये. साप निघतील, हे भय रास्तच. तो कोपरा मुलांच्या घसरगुंडीपासून दूर असावा.