पाण्यावरचे बिऱ्हाड आणि गाणे

कामतघरच्या वऱ्हाळादेवी तलावाकाठी सकाळी फिरावयास येणाऱ्यांना दोन आवाज ओळखीचे असतात: एक देवळातील घंटेचा, दुसरा आसपासच्या गल्ल्यांतून येणारा यंत्रमागांचा. ज्या यंत्रमागाने भिवंडीला नाव आणि अन्न दिले, त्याचे मूळ गाव इंग्लंड. एडमंड कार्टराइट याने 1785 मध्ये त्याचे पहिले पेटंट घेतले. मात्र माग चालवायचे तर कोळसा हवा, कापूस आणि लोकर हवी, आणि तयार माल बाजारापर्यंत पोहोचावयास हवा. तेथील चिखलाच्या रस्त्यांना हा भार पेलत नव्हता. म्हणून कालवे खोदले गेले. ब्रिजवॉटर कालव्यातून 1761 मध्ये मँचेस्टरला कोळसा पोहोचू लागला, तेव्हा तेथील कोळशाचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला. वाहतुकीचा खर्च घटला की बाजार कसा पालटतो, हे व्यापारी घराण्यांना निराळे सांगावयास नको.

या कालव्यांवरील नाव मोठी विलक्षण. रुंदी जेमतेम 7 फूट आणि लांबी 70 फुटांपर्यंत. चढउताराच्या प्रदेशात पाण्याच्या पायऱ्या बांधाव्या लागत. दोन्ही बाजूंना दरवाजे असलेल्या हौदात नाव घ्यावयाची, पाणी भरून ती वर उचलावयाची किंवा पाणी सोडून खाली उतरवावयाची. या हौदास 'लॉक' म्हणतात. त्यांची रुंदी बेताची, म्हणून नावही अरुंद. काठाच्या पायवाटेने चालणारा एक घोडा 25 टनांच्या आसपास माल सहज ओढून नेई.

पुढे रेल्वे आली आणि नावाड्यांची मजुरी घसरू लागली. काठावरचे घर परवडेना, तेव्हा अनेकांनी बायकामुलांसह नावेतच बिऱ्हाड मांडले. माल पुढे, संसार मागे. मागची खोली सुमारे 10 फूट लांब. तीत कोळशाची शेगडी, दिवसा कपाटात दुमडून ठेवण्याची खाट आणि खाली पाडले की जेवणाचे टेबल होणारे कपाटाचे दार. एवढ्या जागेत आईबाप आणि मुले राहत. वस्तू ठेवावयास जागा नसल्यामुळे परिग्रहाला आपोआप मर्यादा पडे. पण ज्या थोड्या वस्तू असत, त्या देखण्या असत. पाण्याच्या डब्यांवर आणि दारांवर गुलाब व किल्ले रंगवलेले, पितळी मुठी घासून लखलखीत केलेल्या. संध्याकाळी काठावरच्या गुत्त्यात आपल्या बाजाच्या पेटीची बहीण शोभावी अशा 'मेलोडियन' वाद्यावर सूर धरला जाई. नाव एका गावी थांबत नसल्यामुळे मुलांची शाळा मात्र सुटे. जॉर्ज स्मिथ या गृहस्थाने त्यासाठी आवाज उठवला आणि 1877 मध्ये कालव्यावरील नावांचा कायदा झाला. नावांची नोंदणी आणि मुलांचे शिक्षण या गोष्टी प्रथमच सरकारच्या वहीत आल्या.

विसाव्या शतकात मालमोटारींनी उरलेला व्यापारही नेला. 1948 मध्ये बहुतेक कालवे सरकारजमा झाले आणि 1962-63 च्या कडाक्याच्या हिवाळ्यात पाणी गोठून नावा महिनोन्महिने अडकून पडल्या, तेव्हा मालवाहतूक जवळजवळ संपली. अनेक कालवे त्याआधीच गाळाने भरले होते. ज्या पाण्याने बाजार उभे केले, ते बाजाराला नकोसे झाले.

अशा काळात, 1972 मध्ये, 'मिक्रॉन थिएटर' ही छोटी नाट्यमंडळी स्थापन झाली. हडर्सफील्ड या लोकरीच्या कापडासाठी प्रसिद्ध असलेल्या शहराजवळ मार्सडेन नावाचे गाव आहे. तेथे तिचे मुख्य ठिकाण. मंडळीचा रथ म्हणजे 1936 मध्ये बांधलेली 'टायझली' ही जुनी मालवाहू नाव. उन्हाळा आला की चार नट या नावेतून गावोगावी निघतात. चौघेच सर्व भूमिका करतात, चौघेच वाद्ये वाजवतात, आणि नाटकाच्या ओघात लोकसंगीताच्या वळणाची नवी गाणी गातात. विषय कधी कालव्यांचा इतिहास, कधी गिरणी कामगार, कधी भाजीचे मळे करणाऱ्यांचे जीवन. रंगमंच, पडदा, प्रकाशयोजना यांचा बडेजाव नाही. गावचे सभागृह, गुत्त्याचे अंगण, भाजीचा मळा, जेथे माणसे जमतील तेथे प्रयोग.

या नावेवरचा दिवस गाण्याने सुरू होत नाही, कामाने होतो. इंजिन तपासावे, पाण्याची टाकी भरावी, दोर सोडावेत. एकाने सुकाणू धरावे, तर इतरांनी लोखंडी चावी घेऊन पुढच्या लॉककडे चालत जावे. एक लॉक ओलांडावयास दहा-पंधरा मिनिटे लागतात, आणि एका दिवसात अशी डझनभर लॉक येऊ शकतात. वेगाची मर्यादा ताशी 4 मैल, म्हणजे झपाझप चालणाऱ्या माणसाइतकी. उशीर झाला म्हणून वेग वाढवण्याची सोय नाही. कारण लाटांनी काठ ढासळतो आणि बांधलेल्या दुसऱ्या नावा हेलकावतात. आज स्वयंपाक कोणी करावयाचा, पाणी किती वापरावयाचे, ओले कपडे कोठे वाळवावयाचे, हे सर्व चौघांनी ठरवावयाचे. सकाळी वाद झाला तरी संध्याकाळी एका सुरात गावे लागते, आणि रुसून जाण्यास दुसरी खोली नसते. एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसास या शिस्तीचा अर्थ लगेच कळेल.

हिशेबाची बाजूही पाहण्यासारखी आहे. कालव्याकाठच्या अनेक प्रयोगांना तिकीट नसते. खेळ संपला की प्रेक्षकांपुढे झोळी फिरते आणि ज्याला जे वाटेल ते तो टाकतो. आधी माल, मग मोल. विश्वासावर चाललेला हा व्यवहार पन्नास वर्षांहून अधिक काळ टिकला आहे.

मार्सडेनच्या शेजारूनच हडर्सफील्डचा अरुंद कालवा डोंगराखाली शिरतो. 1811 मध्ये पूर्ण झालेला हा स्टँडेज बोगदा 5 किलोमीटरहून लांब असून ब्रिटनमधील कालव्यांच्या बोगद्यांत सर्वांत लांब आहे. आत पायवाट नव्हती. घोडा डोंगरावरून फिरवून नेत आणि माणसे नावेवर उताणी पडून भिंतींना पाय लावत ती पुढे रेटीत. भरलेली नाव पलीकडे जावयास सुमारे तीन तास लागत. हा कालवा 1944 मध्ये बंद झाला. त्याच्या 74 लॉकपैकी अनेक बुजवली गेली. 1974 मध्ये काही नागरिकांनी संस्था स्थापून तो पुन्हा खुला करण्याचा ध्यास घेतला, आणि 2001 मध्ये तेथून पुन्हा नावा जाऊ लागल्या. तो खुला केला अनेकांच्या श्रमाने आणि मोठ्या खर्चाने. पण इतक्या लोकांना या पाण्याची आठवण राहिली होती, यात काठाकाठाने कालव्याची गाणी गात फिरणाऱ्यांचाही वाटा आहे.

भिवंडीलाही पाण्याची वाट होती. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची दाने कोरलेली आहेत. शिवाजी महाराजांनी 1657 मध्ये कल्याण आणि भिवंडी घेतली, आणि या खाडीत जहाजे बांधण्यास आरंभ झाला. खाडीकाठच्या आगरी-कोळी गावांना होडी हाच रस्ता होता. नारळी पौर्णिमेला होड्या सजत आणि गाणी होत. लग्नघरी धवलारीण येई आणि प्रत्येक विधीचे गाणे तोंडपाठ म्हणत त्या विधीला पूर्णता देई. तिच्याजवळ पोथी नसे. गाणे आजीकडून आलेले असे.

आज काल्हेर, राहनाळ, पूर्णा, वळ या गावांत गोदामे उभी आहेत. माल ट्रकने येतो आणि ट्रकनेच जातो. खाडी गोदामांच्या पाठीमागे राहिली, कामवारी नदीची अवस्था भिवंडीकर रोजच पाहतात. उल्हास नदी आणि वसई खाडी यांचा मार्ग 2016 च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 53 म्हणून घोषित झाला आहे. म्हणजे एखाद्या दिवशी पाण्याने पुन्हा माल येईलही. त्या दिवशी धक्के बांधता येतील, नावा विकत घेता येतील. धवलारिणीचे गाणे मात्र तिच्यानंतर कोणत्याही बाजारात मिळणार नाही.

या गावांशी भिवंडीच्या व्यापारी घरांचा रोजचा संबंध आहे. गोदामाची जागा त्यांची, हमाल आणि चालक पुष्कळदा त्यांच्याच घरातले. गोदामामागच्या अंगणात मांडव पडतो, आमंत्रण येते, आहेर पाठवला जातो आणि गाडी परत फिरते. पुढच्या वेळी घरातील लहान मुलांना सोबत नेऊन त्या अंगणात अर्धा तास अधिक बसावे, वृद्ध धवलारणीस गाणे पुरते म्हणू द्यावे, आणि घरच्यांची व तिची अनुमती असेल तर ते ध्वनिमुद्रित करून त्याची एक प्रत तिच्याच नातवंडांच्या हाती द्यावी. वऱ्हाळादेवीच्या काठापासून ही गावे काही फार दूर नाहीत.