सुई ओळखता, मग बिट का नाही?

सासूबाईंच्या शिसवी कपाटाला कडी बसवायची होती. ड्रिलला भिंतीचं बिट होतं, तेच चालवलं. भोक पडलं, पण लाकूड करपलं, कडेचे ढलपे उडाले. जीव हळहळला!

दुसरं बिट आणायला गेले, तर दुकानदार म्हणतो, "ताई, मिस्टरांना पाठवा." मी हटले नाही.

मैत्रिणींनो, कठीण लाकडाला मधे अणकुचीदार टोक आणि कडेला धारदार दाते असलेलं बिट मागा. टोकामुळे ते सरकत नाही, दाते आधी गोल कापून घेतात. मागे टाकाऊ फळी घट्ट आवळा, मधूनमधून भुसा काढा.

गोधडीची सुई रेशमाला चालत नाही, हे आपल्याला कुणी शिकवावं लागतं? मग बिटासाठीच मिस्टर कशाला?