मुलांच्या घरी, स्वीडनला

मुलगा वा लेक स्टॉकहोमला स्थायिक झाली, की बडोद्याच्या घरी भेटीची तयारी सुरू होते ती डबे भरण्यापासून. नातवंडांसाठी साजूक तूप, पेढे, आंबे न्यावेत, असे कोणत्या आजीला वाटणार नाही? परंतु भगिनींनी येथेच सावध व्हावे. युरोपीय संघाच्या नियमांनुसार भारतातून दुधाचे वा मांसाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत; सापडल्यास ते काढून घेतात. आंब्यांनाही रोगमुक्ततेचे सरकारी प्रमाणपत्र लागते. मेतकूट, गोडा मसाला खुशाल न्यावा. तूप तेथेच कढवावे. मात्र लोण्याच्या वेष्टनावर 'ओसाल्टाट', म्हणजे बिनमिठाचे, हा शब्द पाहून घ्यावा.

भेटीच्या व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसांहून अधिक राहता येत नाही, आणि किमान ३०,००० युरोंचा आरोग्यविमा आवश्यक असतो. जूनमध्ये स्टॉकहोमला रात्री दहापर्यंत सूर्य मावळत नाही. डिसेंबरात तो दुपारी तीनच्या आतच मावळतो. प्रकृतीची कुरबूर असणाऱ्यांनी उन्हाळाच निवडावा.

सामानापेक्षाही मनाची तयारी महत्त्वाची. तेथे शेजाऱ्याकडे सहज म्हणून डोकावण्याची रीत नाही. आधी विचारून, ठरल्या वेळीच जावे. बसमध्ये अनोळखी माणसे बोलत नाहीत. हा तुसडेपणा नव्हे. दुसऱ्याच्या निवांतपणाचा तो मान आहे. शेजारचे लहान मूल आजोबांना नुसत्या नावाने हाक मारील, तेव्हा रागावू नये. १९६७ मध्ये तेथील वैद्यकीय खात्याचे प्रमुख ब्रूर रेक्सेद यांनी आपल्या सर्व सहकाऱ्यांना एकेरीच संबोधण्याचे जाहीर केले, आणि पाहता पाहता 'अहो-जाहो' देशभरातून जवळजवळ मावळले. ही जाण नसली, तर महिन्याभरात वडीलधाऱ्यांना एकटेपणा ग्रासतो आणि दोष मात्र सुनेच्या वा जावयाच्या माथी येतो.

काही रीती मात्र थेट आपल्याच. पादत्राणे दाराशी काढूनच घरात जावयाचे. पाहुणचार घेतल्यावर पुढील भेटीत मागल्या वेळेबद्दल पुन्हा आभार मानावयाचे. आभारासाठी त्यांचा शब्दही ओळखीच्या उच्चाराचा: 'ताक'! दुकानात, बसमध्ये, शेजारी, जिथे तिथे तो उच्चारावा. दुधाचे पदार्थ नेण्यास बंदी असली, तरी हे 'ताक' कितीही वाटावे; बंद दारे त्यानेच हळूहळू उघडतात.