बुक्क्यातला मुलूख

बीड जिल्ह्यात नारायणगडाला धाकटी पंढरी म्हणतात. आषाढी एकादशीला पंढरपूर गाठणं ज्यांना जमत नाही, अशी माणसं गावोगावाहून इथे येतात, विठ्ठलाचं आणि नगद नारायण महाराजांच्या समाधीचं दर्शन घेतात. त्या गर्दीत एखादा अनोळखी म्हातारा चिमटीत बुक्का घेऊन तुमच्या कपाळाला लावतो, ‘माउली’ म्हणून पाया पडतो आणि पुढे सरकतो. घामेजल्या कपाळावर आधी कापूर जाणवतो. तो उडाला की चंदन वर येतं. आणि संध्याकाळी टोपी काढून ठेवली, तरी तिच्या काठाला मातकट, थोडासा धुरकट वास धरून असतो. तो नागरमोथ्याचा.

आधी उडणारा, मग फुलणारा आणि शेवटपर्यंत टिकणारा अशा तीन पदरांवरच महागडी अत्तरंही बांधली जातात. मसाले आणि दूरचे प्रदेश हा तर त्यांचा आवडता विषय. एर्मेस या फ्रेंच घराण्यासाठी जाँ-क्लोद एलेना यांनी 2008 मध्ये केरळच्या पावसाळ्यावर एक अत्तर रचलं. त्यात वेलदोडा, आलं, मिरी, धणे आणि वाळा. म्हणजे आपल्याच मसाल्याच्या डब्यातला ऐवज. पण हातात जिन्नस असणं वेगळं आणि त्यांतून पावसानंतरची हिरवाई उभी करणं वेगळं. त्या माणसाच्या नाकाला मी मनापासून दाद देतो.

तशीच दाद बुक्का कुटणाऱ्यांनाही मिळायला हवी, हे माझं म्हणणं आहे. कोळशाची वस्त्रगाळ पूड, चंदन, वाळा, नागरमोथा, कचोरा, दवणा, मरवा, कापूर, कुठे बकुळीची फुलं, कुठे लवंग. घराघराचं प्रमाण वेगळं. यातल्या नागरमोथ्याचं तेल परदेशी अत्तरवाले ‘सिप्रिओल’ या नावानं घेतात आणि ऊदाच्या किमती अत्तरांना त्याचाच धुरकट तळ देतात. त्याचा सख्खा भाऊबंद लव्हाळा आपल्याकडे काळ्या रानात माजतो. खुरपून खुरपून बायांचे हात भरून येतात, तरी गाठी जमिनीत राहतातच. दवणाही नागरमोथ्यासारखाच परदेशी जातो. चैत्रात आपण देवाला दवणा वाहतो, आणि त्याचं तेल जगाला प्रामुख्यानं भारतातूनच जातं.

हे ज्ञान आपल्याकडे लिहूनही ठेवलेलं होतं. मराठवाड्यावर कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता असताना, बाराव्या शतकात, राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासा’त उटी-लेपनाचा आणि धुपाचा स्वतंत्र विचार झाला. पुढे ‘गंधवाद’ नावाचा सुगंधशास्त्राचा ग्रंथ झाला, आणि त्याच्यावर चक्क मराठी टीका आहे! पुण्याच्या भांडारकर संस्थेचे प. कृ. गोडे यांनी त्याच्याकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं. अत्तराच्या कृती मराठीत समजावून सांगणारा कोणी जाणकार शतकांपूर्वी होऊन गेला, याचा मला फार अभिमान वाटतो. त्या काळच्या गंधकारांनाही लांबचे मुलूख लागतच: हिमालयाकडची कस्तुरी, आसामातला अगरू, सुमात्रा-बोर्निओचा कापूर. बुक्क्यातला कापूर तीच जुनी वाट सांगतो.

आता मात्र बाजारात नुसत्या कोळशाच्या भुकटीला रासायनिक वास मारून ‘बुक्का’ म्हणून विकतात. कपाळाला आग होते, आणि तासाभरात वास गायब. वारकऱ्याच्या कपाळावर असलं काही लागावं, हे मला सहन होत नाही. कन्नौजच्या अत्तरवाल्यांनी भाजलेल्या मातीचा वास चंदनतेलात उतरवण्याची विद्या आजवर सांभाळली. तिथल्या अत्तराला भौगोलिक मानांकन आहे. बुक्क्यासाठी असं कोणी का झटू नये?

पंढरपुरात किंवा इतर कुठल्या क्षेत्री अजून घरच्या घरी बुक्का कुटणारी कुटुंबं असतील, तर त्यांच्याजवळ बसून सारं टिपून घ्यायला हवं: कुठलं मूळ किती वाळवायचं, कोळसा कुठल्या लाकडाचा, कापूर कधी घालायचा. बीड-पंढरपूरच्या महाविद्यालयांतले वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी हे काम एका वर्षात करू शकतील. आणि गडावर बुक्का विकणाऱ्यांनी डबीवर आतले जिन्नस छापावेत. दोन पैसे जास्त द्यायला वारकरी मागे हटणार नाहीत.