झाकली मूठ आणि पेन स्टेट

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण आपल्या जुन्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. नाव सांभाळायचे तर आतली गोष्ट आतच ठेवावी, हे त्यामागचे शहाणपण. ते एखाद्या संस्थेला किती महाग पडते, ह्याचा धडा अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाने घालून दिला आहे.

तेथील फुटबॉलचा संघ म्हणजे एक दरबारच होता. जो पटर्नो १९६६ पासून मुख्य प्रशिक्षकाच्या गादीवर होते. त्यांचा माजी सहकारी जेरी सँडस्की स्नानगृहात एका मुलाशी दुर्वर्तन करताना दिसल्याचे २००१ साली एका तरुण साहाय्यकाने त्यांना सांगितले. पटर्नोंनी ते वरिष्ठांच्या कानी घातले. पोलिसांना मात्र कोणीच कळवले नाही.

मार्च २०११ मध्ये स्थानिक वृत्तपत्राने चौकशीची बातमी छापली. तरीही विश्वस्त गाफीलच राहिले. नोव्हेंबरात आरोप दाखल झाले. अध्यक्ष ग्रॅहम स्पॅनियर ह्यांच्या पहिल्या पत्रकात मुलांविषयी एखाद-दुसरे जपून वाक्य होते. सारा भर आरोपी झालेल्या दोन अधिकाऱ्यांना बिनशर्त पाठिंबा देण्यावर. चारच दिवसांत विश्वस्तांनी स्पॅनियर व पटर्नो दोघांनाही दूर केले. चौऱ्याऐंशी वर्षांच्या पटर्नोंना तो निरोप रात्री दूरध्वनीवरून मिळाला. विद्यार्थी रस्त्यावर आले, वार्ताहरांची गाडी त्यांनी उलथवली. हा क्षोभ प्रशिक्षकासाठी होता, मुलांसाठी नव्हे! पण संस्थेनेच आधी आपल्या माणसांची कड घेतली होती. मग पोरांना दोष किती द्यावा? दोन दिवसांनी हजारो विद्यार्थी मेणबत्त्या घेऊन त्या मुलांसाठी जमले, हेही विसरू नये.

जून २०१२ मध्ये सँडस्की ४५ आरोपांवर दोषी ठरला. बदनामीच्या भीतीने वरिष्ठांनी प्रकरण दडवले, असा निष्कर्ष लुई फ्री ह्यांच्या चौकशीने काढला. पटर्नो-कुटुंबाने तो अमान्य केला. विद्यापीठाला ६ कोटी डॉलर दंड झाला, आणि पीडितांना द्यावी लागलेली भरपाई १० कोटी डॉलरांवर गेली. २०१७ साली स्पॅनियर व ते दोन अधिकारी मुलांचे हित धोक्यात आणल्याबद्दल दोषी ठरले.

कोणी म्हणेल, घाईने बोलून निरपराधांचा बळी जाईल. तेही खरेच. ड्यूक विद्यापीठाने २००६ साली आरोप होताच संघाचा हंगाम रद्द केला. पुढच्या वर्षी तिन्ही खेळाडू निर्दोष असल्याचे राज्याच्या महान्यायवादींनी जाहीर केले. म्हणून संस्थेने निवाडा करू नये, पाठराखणही करू नये. काय कळले, केव्हा कळले, पोलिसांना केव्हा कळवले आणि मुलाची काळजी कोण घेत आहे, एवढे आधी सांगावे.

दरबारी गवयाच्या घरात मी वाढलो. गायकाची सम चुकली तर तबलजी ती सांभाळून घेतो. मैफलीत ते सौजन्य शोभते. परंतु गुन्हा सांभाळून घेणे हा साथीचा धर्म नव्हे. आपल्याकडेही २०१२ च्या बालसंरक्षण कायद्याने असा अपराध कळताच पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक केले आहे. हाताखालच्या माणसाचा अपराध न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शाळा, आखाडे आणि आम्हा गाणे शिकवणाऱ्यांचे वर्ग ह्यांतून सुटलेले नाहीत. गुरूविषयीचा आदर जेथे मोठा, तेथे मुलाचा शब्द ऐकून घेण्याची जबाबदारीही मोठीच असली पाहिजे.